मी तोडलेलं बोट

आमच्या घराण्यात वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या चुलत्यांच्या वाट्याला विहिरीकाठचं रान आलं, धाकट्या चुलत्यांच्या वाट्याला म्हशी आल्या, आणि वडिलांकडून माझ्या वाट्याला आज्ज्याची गोष्ट आली. रानाला बांध असतो, म्हशीला दावं असतं. गोष्टीला दोन्ही नसतं. त्यामुळं गेली तीस वर्षं दर लग्नसराईत मी त्या गोष्टीचा बांध थोडा थोडा कोरत आलो, आणि शेजारी कुणी तक्रार करणारा नसल्यानं माझी वाटणी सगळ्यांत मोठी झाली.

मूळ गोष्ट अगदी गुंठाभर. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांचा कॅम्प होता. आज्जा पहाटे म्हशी हाकत तिथं जायचा आणि समोर धार काढून दूध घालायचा. अनाथ मुलांच्या बराकीतली एक गोरी पोरगी भांडं घेऊन रोज यायची. संपली गोष्ट.

एवढ्या भांडवलावर पंगत रंगत नाही. म्हणून एका लग्नात मी त्या पोरीच्या वेणीला लाल रिबीन बांधली. पुढच्या लग्नात तिला शिट्टी वाजवायला शिकवलं. तिनं शिट्टी वाजवल्याशिवाय म्हैस पान्हाच सोडायची नाही. इथं मी स्वतः दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवायचो आणि वाढपी भात वाढायचे थांबायचे. माझ्या थोरल्या लेकीच्या लग्नात तर ती पोरगी परत जाताना म्हशीच्या गळ्यात पडून रडली आणि म्हशीनं दोन दिवस वैरणीला तोंड लावलं नाही. ही वैरण मी आयत्या वेळी सोडली होती, पण तिला टाळ्या पडल्यावर ती कायम झाली.

गोष्टीला एक शेपूटही होतं, आणि ते सगळ्यांत लाडकं. माझी आत्ती, म्हणजे आज्ज्याची थोरली लेक, तेव्हा आठ-नऊ वर्षांची. रेडकू धरायला म्हणून ती आज्ज्याबरोबर कॅम्पात जायची. तिच्या उजव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, एक वेडंवाकडं गोंदण आहे. त्रिकोणासारखं, पण एक कोपरा उघडा. मी सांगायचो, "आत्ती तुळशीवृंदावन गोंदवून घ्यायला बसली, तेवढ्यात गोंदणारणीला आली शिंक! वृंदावनाचं झालं पडकं घर!" सगळी पंगत आत्तीच्या हाताकडं बघून हसायची. आत्ती मात्र माझी गोष्ट सुरू झाली की पदर सारखा करून उठायची आणि मांडवाबाहेर जाऊन बसायची. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला आवाज सोसत नाही.

पोटापाण्यासाठी मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम करतो. तारे पाच असले तरी कॅन्टीनचा चहा एकाच ताऱ्याचा आहे. तिथं दिवसभर नटबोल्टची पत्रं लिहिणाऱ्या माणसाला साहित्याची सेवा करावीशी वाटली तर त्याला दोष देता येत नाही. एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीनं वाचकांच्या घरातल्या आठवणी मागवल्या, मी रिबीन, शिट्टी आणि वैरणीसह गोष्ट पाठवली, आणि ती म्हशीच्या चित्रासकट छापून आली. मी त्या कात्रणाच्या बत्तीस झेरॉक्स काढल्या. पैकी अठ्ठावीस अजून घरात आहेत.

छापलेलं आता कागदावरच राहत नाही. काही महिन्यांनी मला एक ईमेल आला. परदेशी बाई, आडनाव उच्चारता येऊ नये असं, विषयात ‘अत्यंत महत्त्वाचे’. मी ओळखलं की आपल्याला कुणाची तरी इस्टेट मिळणार असून त्यासाठी आधी बँकेचा नंबर द्यावा लागणार. पुसून टाकणार तोच बायकोनं चष्मा लावून वाचलं.

"अहो, ह्यात कोण काय द्यायला न्हाय आलेलं. मागायलीय ती."

"काय मागतीय?"

"खरं काय ते सांगा म्हणतीय."

ती बाई एका संस्थेत विनामोबदला काम करायची. नाझींनी ज्यूंची जी कत्तल केली, तीतून वाचलेल्या माणसांना त्यांची हरवलेली नातीगोती शोधून द्यायची, हे काम. वाचलेली माणसं आता नव्वदीत आहेत. ही बाई जिच्यासाठी लिहीत होती ती म्हातारी इस्रायलमधल्या एका गावात राहते. लढाई सुरू झाली तेव्हा ती पाच वर्षांची होती. वडील थोरल्या बहिणीला घेऊन पूर्वेकडं पळाले, आई धाकटीला, म्हणजे हिला, घेऊन मागं राहिली. आईला नेलं ते परत आणलं नाही. धाकटी एका शेतकऱ्याच्या गोठ्यात लपून वाचली. पळालेल्या बापलेकींना रशियानं सैबेरियात धाडलं, वडील तिथंच वारले. थोरली मात्र पोलंडच्या अनाथ मुलांच्या तांड्यात, बहुधा दुसऱ्याच नावानं, इराणकडं निघाली, इथपर्यंत कागद मिळाले. त्यांतली काही मुलं हिंदुस्थानात आली होती. पुढं काही नाही. ही थोरली त्या प्रवासातून जिवंत निघाली की वाटेतच गेली, एवढंच त्या म्हातारीला मरायच्या आधी कळायला हवं होतं.

माझा लेख त्या बाईनं यंत्राकडून भाषांतर करून वाचला होता. वय जुळत होतं. तिनं एकच प्रश्न विचारला होता. त्या मुलीच्या अंगावर एखादी खूण असल्याचं तुमच्या घरी कुणाला आठवतं का? आणि खाली लिहिलं होतं, ‘आठवत नसेल तर तसं कळवा. तेही आमच्या उपयोगाचं असतं.’

आता कोल्हापूरच्या माणसाकडून ‘माहीत नाही’ एवढं मागणं म्हणजे फार झालं. आमच्याकडं गाडी थांबवून पत्ता विचारून बघा. चार जण गोळा होतील, चार दिशांना हात करतील, पाचवा "चला पावणं, मी दावतो" म्हणून गाडीत येऊन बसेल आणि वाटेत चहा पाजेल. पण ‘मला म्हाईत न्हाय’ हे एकाच्या तोंडून निघणार नाही. पावणं रिकाम्या हातानं परत गेलं तर गावाची अब्रू जाते. आणि इथं तर पावणं सात समुद्रांपलीकडून विचारत होतं. मी त्या म्हातारीला रिकाम्या हातानं पाठवायचं?

आमच्या कारखान्यात प्रेस मशीनवर एक फिटर आहे. त्याच्या डाव्या करंगळीचं टोक मशीननं नेलेलं आहे. दुपारीच त्यानं मला त्या करंगळीनं तंबाखू दिली होती. मी लिहिलं, ‘आपल्या पत्राच्या संदर्भात सविनय कळविण्यात येते की, सदर मुलीच्या डाव्या करंगळीचे टोक नव्हते, असे आमचे कै. आजोबा वारंवार सांगत.’

बायकोनं खांद्यावरून वाचलं. "ही करंगळी कुठली?"

"होती."

"तीस वर्षांत मला कधी ऐकू आली न्हाय ती?"

"सगळंच बायकोला सांगितलं पाहिजे असं न्हाय."

"मला नगा सांगू. पर त्या म्हातारीला खोटं सांगू नगा." असं म्हणून ती कुकर उतरवायला गेली, आणि मी बटण दाबलं. त्या क्षणी मला फार बरं वाटत होतं, हे इथं नोंदवून ठेवतो. दान केल्यासारखं.

चार दिवसांनी उत्तर आलं. तोडून बोललेलं असतं तर मला झोंबलं असतं, पण ते फार सभ्य होतं. म्हातारीला माझं पत्र वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, माझ्या बहिणीची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. मी आकडे तिच्या बोटांवरच शिकले. तेव्हा ही ती नव्हे. संस्थेची बाई पुढं लिहीत होती की हिंदुस्थानच्या बाजूला दुसरा कसलाच धागा नसल्यानं तो शोध आता थांबवावा लागेल. शेवटी म्हातारीचा निरोप होता. ‘ती मुलगी माझी नसली तरी कुणाची तरी बहीण असेलच. तिला दूध घातल्याबद्दल तुमच्या आजोबांचे आभार.’

हे वाचून मी उठलो, गॅलरीत गेलो, परत आलो. मग पत्र लिहायला बसलो. बायकोनं विचारलं, "काय लिव्हताय?"

"करंगळीबद्दल जे लिहिलं ती टायपिंगची चूक होती म्हणून कळवतो."

"टायपिंगमध्ये बोट तुटतं व्हय?"

मी लिहिलेलं पुसलं. आणि खरी अडचण बोटाची नव्हतीच. बोट काढून टाकलं तर त्याच्या जागी काय घालायचं? आज्जा जाऊन चाळीस वर्षं झाली, वडीलही गेले. गोष्टीत खरं किती आणि माझं किती, हे मला स्वतःलाच सांगता येईना. मी ठरवलं, घरातल्या सगळ्यांना विचारायचं. पुराव्यानिशी.

रविवारी गावी धाकट्या चुलत्यांच्या सोप्यात सभा भरली. पुराव्याची कमतरता नव्हती. चुलते म्हणाले, "पोरगी शिट्टी लै झ्याक वाजवायची. म्हस कान टवकारायची."

"तुम्ही ऐकली शिट्टी?"

"मी? आरं, मी लढाई संपल्यावर धा वर्सांनी जन्मलो."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

चुलत्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "तूच की लेका! दर लग्नात सांगतोस न्हवं?"

माझे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, यांनी हात वर केला. "लाल रिबीन मात्र पक्की. आमच्या आईनं डोळ्यांनी बघितलीय."

"दाजी, तुमच्या आई शिरोळच्या पलीकडं कधी गेल्या न्हाईत."

"मग छापून कसं आलं पेपरात?" दाजी म्हणाले. "खोटं छापतील व्हय?"

चुलतभावाची तर खात्री होती की त्या पोरीला आज्ज्याशी लग्न करायचं होतं आणि आज्जीनं मुसळ घेऊन तिला वेशीबाहेर काढलं. हे मी कधीच सांगितलं नव्हतं. म्हणजे आमच्या घराण्यात हा गुण एकट्या माझ्यात नाही, हा एक दिलासा. सभेच्या शेवटी माझ्या वहीत सोळा साक्षी झाल्या होत्या आणि त्यांतल्या पंधरांचा उगम मी होतो. सोळावी मुसळाची.

परतताना गांधीनगरवरून आलो. कॅम्प होता तिथंच आता कापडाची बाजारपेठ आहे. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाचा बस्ता तिथंच बांधलेला. बराकींचा विचार करत मी स्कूटर हाकत होतो आणि एका दुकानदारानं तेवढ्यात "या साहेब, शालू बघा" म्हटलं. मागून बायको म्हणाली, "एक इचारू?"

"शालू नको."

"शालू न्हाय. तुमची गोष्ट घरात कुणाला तोंडपाठ न्हाय?"

"सगळ्यांना आहे."

"एक जण सोडून. जी कधी बसून ऐकतच न्हाय."

मी स्कूटर बाजूला घेतली. तीस वर्षांत हे डोक्यात आलं नव्हतं. आमच्या घरात माझ्या गोष्टीनं न बाटलेलं एकच माणूस होतं, आणि तेच एक तिथं हजर होतं.

दुसऱ्या रविवारी शिरोळला गेलो. आत्तीचं घर उसाच्या कडेला. भिंतीवर खांद्याच्या उंचीला पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ, आणि त्या रेघेच्या वर सगळे देव टांगलेले. आत्ती उंबऱ्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मला बघून तिनं सूप अर्धं माझ्याकडं सरकवलं.

"बस. फोड."

संस्थेच्या बाईनं पहिल्याच पत्राला एक कागद जोडला होता. साक्षीदाराला उत्तर सुचवू नये, फक्त विचारावं आणि थांबावं. तो कागद खिशात घालून आलो होतो. मी तिला म्हातारीची सगळी हकीकत सांगितली, करंगळीही सांगितली, आणि मग विचारलं, "आत्ती, ती शिट्टी…"

"शिट्टी तू वाजवतोस," आत्ती म्हणाली.

"आणि रिबीन?"

"रिबीन? आरं डोस्कं भादरलेलं हुतं तिचं! उवा झालत्या म्हणून समद्याच पोरांची भादरलेली. रिबीन काय कानाला बांधायची व्हती?"

मी पुढचा प्रश्न तोंडात आणला. आत्तीनं शेंग फोडता फोडता माझ्याकडं बघितलं. "तुला ऐकायचं हाय का सांगायचं हाय?"

"ऐकायचं."

"मग त्वांड मीट. हात चालीव."

मी शेंगा फोडत राहिलो. आयुष्यात एवढा वेळ मी फक्त दातांच्या डॉक्टरसमोर गप्प बसलो असेन. शेजारच्या रानात ट्रॅक्टर अडकला होता, त्याचा आवाज बराच वेळ आला आणि थांबला. सुपात दाण्यांचा ढीग झाला तेव्हा आत्ती आपणहून बोलायला लागली.

"ती काय बोलायची न्हाय. बोलून कळणार काय? तिचं मला न्हाय, माझं तिला न्हाय. ती भांडं धरायची, मी रेडकू धरायची. धार हुईस्तवर एकमेकीकडं बघायचं. एवढंच. माझ्यापरीस हातभर उंच व्हती. अंगावर नुसती हाडं, पुढं पुढं भरली जरा." तिनं पदर मागं सारला आणि उजवा हात माझ्यासमोर आडवा धरला. "तिच्या हातावर हे हुतं."

मी त्या गोंदणाकडं बघत राहिलो. त्रिकोण, एक कोपरा उघडा.

"भाजल्याचा डाग. मला कुठं कळतंय? मला वाटलं, आपल्यात पोरीला गोंदत्यात तसं ह्यांच्या मुलखातलं गोंदाण असंल. लै आवडलं मला. मग गोंदणारीण आली दारात, ती म्हनली, तुळस काढू का? म्हटलं, तुळस नगं, असं काढ. काडीनं भुईवर काढून दावलं. तिनं काढलं. आईनं फुकणीनं बडवलं मला, असलं कसलं अभद्र काढून घेतलंस म्हणून."

"म्हणजे शिंक…"

"कुणाला शिंक आली न्हाय."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. तीस वर्षं, किती मांडव, किती पंगती. त्या बाईचा धागा माझ्याच आत्तीच्या हातावर होता आणि मी माणसांना त्याच्याकडं बघून हसायला शिकवत होतो.

"आत्ती, मग सांगायचं न्हाईस?"

"तू थांबलास कवा?"

ती शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "मी तिला इचारलं हुतं एकदा, हातानंच, हे कुणी केलं म्हणून. तिनं हात भुईपासनं एवढा धरला." आत्तीनं तळवा जमिनीपासून हातभर उंच धरला, रांगणं नुकतंच सोडलेल्या पोराच्या उंचीला. "बारकं कोणतरी. मला वाटलं, तिची भावली असंल, खेळायची. लढाई संपली आन गाड्या लागल्या. आमी टेसनावर गेलतो बघाया. तवा केस आलते तिला, मानंपातुर. डब्यात चढली, खिडकीतनं हात केला. जित्ती हुती. चांगली जित्ती."

त्या आठवड्यात मी आयुष्यातलं सगळ्यांत अवघड पत्र लिहिलं. पहिल्या परिच्छेदात मी काय काय घातलं होतं ते: रिबीन माझी, शिट्टी माझी, वैरण माझी, करंगळी आमच्या फिटरची, आजोबा यांतलं काही बोलले नव्हते. माफी. दुसऱ्यात आत्तीनं सांगितलेलं, तिच्या शब्दांत, एकही विशेषण न घालता. तीनदा घातलं आणि तीनदा खोडलं. बायको शेजारी बसून पहारा करत होती.

आत्तीच्या हाताचा फोटो जोडताना मात्र मी थांबलो. छळछावण्यांत माणसांच्या हातावर आकडे गोंदायचे, हे मी वाचलं होतं. ज्या म्हातारीची माणसं तिकडं गेली, तिला मी गोंदलेल्या हाताचा फोटो कसा पाठवू? शेवटी खाली लिहिलं, ‘आमच्याकडं मुलींना हौसेनं गोंदतात. असं म्हणतात की माणूस वर जाताना अंगावरचं सोनं काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर जातं. माझ्या आत्तीला त्या मुलीची खूण आवडली म्हणून तिनं ती मागून घेतली.’ हे बायकोनं वाचलं. "ह्ये कुणाचं?" म्हणाली. मी म्हटलं, "हे खरं आहे." "राहू दे मग."

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. संस्थेची बाई पहिल्यापासून एक गोष्ट मुद्दाम राखून होती, कुणी खोटं जुळवू नये म्हणून. माझ्यासारख्यांसाठीच ती युक्ती असावी. थोरलीच्या उजव्या हातावर इस्त्रीच्या टोकाचा चटका होता. धाकटी दोन वर्षांची असताना तिनं टेबलावरचं कापड ओढलं, इस्त्री खाली आली, थोरलीनं हात मध्ये घातला आणि धाकटी वाचली.

जुळलं. म्हणजे थोरली वाटेत गेली नव्हती, कोल्हापुरात पोचली होती, आमच्या म्हशीचं दूध पिऊन तिच्या अंगाला मांस धरलं होतं, आणि ती जिवंत गाडीत चढली होती. पुढं कुठं गेली याचा शोध संस्थेनं परत उघडला आहे, जहाजांच्या याद्या बघताहेत. आणि म्हातारीला तो हात बघायचा होता.

व्हिडिओ कॉल शिरोळला ठरला. वेळ दुपारची दोनची, आणि बारालाच सोळाच्या सोळा साक्षीदार हजर. दाजी कोट घालून आले होते. चुलत्यांनी हार आणला होता. फोनला कसा घालायचा हा विचार त्यांनी केला नव्हता. चुलतभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "मुसळाचं सांगणार हाईस न्हवं?"

आत्तीनं सगळ्यांना अंगणात घालवलं आणि दाराला कडी घातली. "तू तेवढा ऱ्हा. मी बोलीन तेवढं सांग. वर एक शबूद घातलास तर फुकणी अजून हाय घरात."

फोन लागला. एका बाजूला म्हातारी, तिच्या शेजारी ती संस्थेची बाई. म्हातारी तिच्या भाषेत बोलायची, बाई ते इंग्रजीत मला सांगायची, मी आत्तीला. आत्तीनं हात फोनपुढं धरला. फोन मी जरा लांब धरला होता, तो तिनं जवळ ओढला. पलीकडं म्हातारी इतकी पुढं वाकली की पडद्यावर तिचा एकच डोळा दिसू लागला. अंगणात दाजी कुणाला तरी "लागला, लागला" म्हणत होते.

मग म्हातारीनं एकच विचारलं. बाईनं मला सांगितलं: तुमच्या आत्यानं तिला विचारलं, हे कुणी केलं, आणि तिनं माझी उंची दाखवली. तेव्हा तिचा चेहरा कसा होता? रागानं दाखवली का?

एवढी वर्षं तिच्या मनात हे होतं तर. मला उत्तर माहीत होतं. म्हणजे मला काय सांगायचं ते माहीत होतं: हसत होती, गालाला खळी पडली होती, डोळ्यांत पाणी होतं. तीस वर्षांच्या सरावानं सगळं जिभेवर येऊन बसलं. पण मी आत्तीला विचारलं.

आत्तीनं विचार केला. "तोंड ध्यानात न्हाय मला," ती म्हणाली. "पंच्याऐंशीच्या वर वय झालं माझं. खोटं कशाला सांगू?"

मी ते सांगितलं. म्हातारीनं मान हलवली, ठीक आहे अशी.

"पर हात ध्यानात हाय," आत्ती म्हणाली. "एवढा धरला हुता. आन मग असा केला." तिनं तळवा जमिनीपासून हातभर उंच धरला आणि तिथंच, हवेत, सावकाश पुढं-मागं फिरवला. बारक्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवतात तसा. "दोन-तीन येळा."

मला सांगावं लागलं नाही. फोन माझ्या हातात होता, म्हातारीनं बघितलं होतं. तरी मी सांगितलं: आत्ती म्हणते, तिनं हात असा फिरवला, दोन-तीन वेळा. एवढंच सांगितलं.

म्हातारीनं मान खाली घातली. पडद्यावर नुसते पांढरे, विरळ केस राहिले. ती मान वर करेना. आत्तीनं थोडं थांबून बघितलं, मग शेंगा फोडून राठ झालेला हात पुढं केला आणि त्या पांढऱ्या केसांवरून, म्हणजे माझ्या फोनच्या काचेवरून, तळवा फिरवला. दुसऱ्यांदा फिरवला तेव्हा अंगठा लाल बटणावर गेला आणि फोन बंद झाला.

"कुठं गेली ती?" आत्ती दचकून म्हणाली. बाहेरून दार वाजायला लागलं. काय झालं, काय झालं. मी म्हणालो, "काही न्हाय आत्ती, काळजी करू नको, अगं हे काय असतं, ह्या फोनला…"

"बोलू नगंस," आत्ती म्हणाली. तिचा हात अजून तसाच, काचेच्या उंचीला धरलेला होता. "लाव."